मणके भरले, पण मोडायचे थांबले नाहीत

(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फलकावर विषय लिहिलाय, 'वृद्ध स्त्रियांच्या मणक्यांचा ठिसूळपणा : आजचे उपचार'. मला तासभर दिलाय. त्यातला बराच वेळ मी अशा एका औषधावर घालवणार आहे, जे आज कोणी लिहून देत नाही आणि दुकानात मिळतही नाही. संयोजकांचा चेहरा मला इथून दिसतोय. पण हे एक औषध नीट कळलं की आजची औषधं समजायला दहा मिनिटं पुरतात, असा माझा दावा आहे. दहा मिनिटं तरी शिल्लक ठेवीन.

औषधाचं नाव सोडियम फ्लोराइड. हो, तेच, टूथपेस्टमधलं. लगेच कुजबुज सुरू झाली, म्हणून हिशेब आधी उरकून टाकते. मणक्यांसाठी रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड देत. त्यात प्रत्यक्ष फ्लोराइड साधारण ३४ मिलिग्रॅम, बाकीचं सोडियम. नेहमीच्या टूथपेस्टच्या एका ग्रॅममध्ये फ्लोराइड एक मिलिग्रॅम असतं. तेव्हा तेवढा डोस गाठायला रोज ३४ ग्रॅम पेस्ट गिळावी लागेल. लिटरला एक मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाणी प्यायचं ठरवलं, तर रोज ३४ लिटर. तेव्हा घरी जाऊन टूथपेस्ट फेकू नका, आणि ठिसूळ हाडांवर इलाज म्हणून खाऊही नका.

हे औषध सुचलं कुठून, तर आजारातून. १९३२ मध्ये कोपनहेगनला क्रायोलाइट दळणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे एक्स-रे काढले, तेव्हा त्यांची हाडं पांढरीफटक दिसली. क्रायोलाइट हे फ्लोरिन असलेलं खनिज, ॲल्युमिनियमच्या धंद्यात लागणारं. त्याची धूळ वर्षानुवर्षं कामगारांच्या पोटात आणि छातीत जात होती. पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, मद्रास इलाख्यात नेल्लोरकडच्या गावांतून शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच चित्र मांडलं. इथे कारखाना नव्हता, विहिरीचं पाणी होतं. माणसांच्या आधी तिथल्या शेतकऱ्यांना बैलांच्या आखडलेल्या सांध्यांवरून शंका आली होती, असं सांगतात.

या रोग्याचा एक्स-रे एकदा पाहिला की विसरता येत नाही. मणके खडूसारखे पांढरे, आतली जाळी दिसतच नाही. मणक्यांना बांधणारे स्नायुबंधही हाडासारखे टणक झालेले. कोपरापासून मनगटापर्यंत जी दोन हाडं असतात, त्यांच्या मधला पडदा काठाने हाडाचा होतो, काटे फुटल्यासारखा. ही खूण दिसली की डॉक्टरने औषधाच्या आधी पाण्याबद्दल विचारायचं. माणूस मान वळवू शकत नाही, अख्खं अंग वळवतो; उकिडवं बसता येत नाही; पुढे मज्जारज्जूवर दाब आला तर पाय जातात.

आपल्यालाही हे परकं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. आपल्याकडे १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही ठीक पातळी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्यावरची, पाण्यातलं फ्लोराइड काढायची नळगोंडा पद्धत आपल्याच नागपुरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली : पाण्यात बेताने चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी टाकायची, दहा-वीस मिनिटं सावकाश ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. बादलीची तोटी तळापासून चार बोटं वर असली पाहिजे, नाहीतर तोटीतून गाळच येतो. तुरटी किती, हे पाण्यातलं फ्लोराइड आणि पाण्याची क्षारता पाहून ठरतं. डोळ्यांच्या अंदाजाने टाकली की एक तर फ्लोराइड तसंच राहतं, नाहीतर पाण्यात ॲल्युमिनियम येतं. हा विषय मोठा आहे, त्याला वेगळा दिवस लागेल. मूळ गोष्टीकडे येते.

तर फ्लोराइड साचलेलं हाड एक्स-रेवर दाट दिसतं, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. म्हाताऱ्या बायकांचं हाड एक्स-रेवर विरळ दिसतं, हेही माहीत होतं. मग कोणाला तरी वाटणारच की पहिल्यांचं थोडं दुसऱ्यांना द्यावं. १९६१ मध्ये रिच आणि एन्सिंक या दोघांनी ते करून पाहिलं. त्या काळात हे धाडस होतं आणि त्यामागे विचारही चांगला होता. हाड सतत पाडलं जातं आणि बांधलं जातं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यावर पाडणाऱ्यांचा जोर वाढतो. इस्ट्रोजेन पाडकाम मंद करायचं, पण बांधकाम वाढवणारं औषध हाती नव्हतं. फ्लोराइड थेट बांधणाऱ्या पेशींची संख्या वाढवतं. वीस-पंचवीस वर्षं हाडांच्या डॉक्टरांना या औषधाचा मोह का पडला, ते यावरून कळेल. जर्मनी, फ्रान्समध्ये तर फ्लोराइडच्या गोळ्या रीतसर विकल्या जात होत्या.

आता त्यातली मेख. फ्लोराइड पेशींना कामाला लावतं आणि बांधल्या जाणाऱ्या मालातही स्वतः शिरतं. हाडाच्या स्फटिकात ज्या जागी हायड्रॉक्सिल असतो, तिथे फ्लोराइड बसतं. तो स्फटिक मोठा होतो आणि सहज विरघळत नाही. दाताच्या वरच्या थराला हे फायद्याचं. तिथे आम्लाशी झुंजायचं असतं. हाडाला आम्लाशी झुंजायचं नसतं, त्याला वाकून सरळ व्हायचं असतं. शिवाय पेशी एवढ्या घाईने बांधतात की मागून येणारं कॅल्शियम पुरत नाही. हाडाचा मऊ साचा तयार होतो, त्यात खनिज पुरतं भरत नाही, तंतूंची वीणही विस्कटलेली. फ्लोराइडवर वाढलेलं हाड म्हणजे जाड थापलेली भाकरी : बाहेरून टम्म, हातात घेतली तर भारी, मोडली की आत कच्ची.

आणि कॅल्शियम आणायचं कुठून? म्हणून सोबत रोज १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम देत. तेही एकदम देता येत नाही, कारण कॅल्शियम आणि फ्लोराइड आतड्यात एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही शौचावाटे जातात. दुधाबरोबर गोळी घेतली तरी तेच. रिकाम्या पोटी घेतली तर दुसरीच पंचाईत. जठरातल्या आम्लात सोडियम फ्लोराइडचं हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, ते अस्तराच्या पेशींत सहज घुसतं; मळमळ, पोटात आग, कधी रक्त. पुढे पोटात न विरघळणारं वेष्टण असलेल्या गोळ्या आल्या, सावकाश सुटणाऱ्या आल्या, सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट हे फ्लोराइडचं दुसरं संयुग आलं. हे सगळं जठर वाचवण्यासाठी. हाडाचा प्रश्न तसाच राहिला.

आता माझी आवडती गोष्ट. तुम्ही डॉक्टर नसलात तरी यातले आकडे नीट ऐका.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टरला मेयो क्लिनिक आहे. तिथल्या लॉरेन्स रिग्ज यांच्या गटाने १९८२ मध्ये एक अभ्यास छापला : फ्लोराइड आणि कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांना मणक्यांची फ्रॅक्चरं कमी. सगळ्यांना आनंद. पण त्या अभ्यासात कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ते पुरेसं नाही, हे त्यांनाच ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नीट चाचणी सुरू केली. आधीच मणके दबलेल्या, पाळी गेलेल्या २०२ स्त्रिया. अर्ध्या जणींना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, अर्ध्या जणींना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी. कॅल्शियम १५०० मिलिग्रॅम सगळ्यांना. कोण काय घेतंय हे ना बाईला माहीत, ना डॉक्टरला. चार वर्षं. शेवटपर्यंत टिकल्या १३५, दोन्ही गटांत जवळपास सारख्या. निकाल १९९० मध्ये आला.

कमरेच्या मणक्यांची घनता चार वर्षांत ३५ टक्क्यांनी वाढली. पस्तीस! आजचं कुठलंही औषध तेवढं करत नाही. मांडीच्या हाडाच्या मानेची घनता १२ टक्क्यांनी वाढली. इथेच थांबून पेपर छापला असता तर फ्लोराइड आज प्रत्येक गावच्या दुकानात असतं.

पण त्यांनी फ्रॅक्चरं मोजली. मणक्यांची नवीन फ्रॅक्चरं : फ्लोराइड गटात १६३, खोट्या गोळीच्या गटात १३६. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून आपण 'काही फायदा नाही' एवढंच म्हणू. मणक्यांबाहेरची फ्रॅक्चरं : ७२ विरुद्ध २४. हा फरक योगायोगाचा नाही. यात पूर्ण मोडलेली हाडं आणि ताणाने गेलेले तडे, दोन्ही धरले होते. आणि मनगटाजवळच्या हाडाची घनता ४ टक्क्यांनी घटली होती.

हे कसं झालं? मणका हा बहुतेक जाळीदार हाडाचा. बाहेर पातळ कवच, आत स्पंज. फ्लोराइडला जाळीदार हाड आवडतं, तिथे ते भर घालतं. हातापायांच्या लांब हाडांची भिंत मात्र टणक, दाट हाडाची. तिथे भर पडली नाही, उलट तिथलं कॅल्शियम उचललं गेलं. या औषधावरच्या बायकांना एक खास दुखणं व्हायचं, पायाचं. टाच, घोटा, गुडघ्याखालचं हाड. उभं राहिलं की ठणका. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नसे. नंतर तिथे बारीक पांढरी रेघ दिसायची, म्हणजे भरून येणारा तडा. औषध थांबवलं की काही आठवड्यांत थांबायचं. याला कित्येक वर्षं 'संधिवात' म्हणून दुर्लक्षित केलं गेलं, कारण मणक्याचा आकडा तर मस्त चढत होता.

या चाचणीवर सगळे खूश नव्हते आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. डोस जास्त झाला, असं ते म्हणाले. फ्रान्समध्ये १९८८ मध्ये ५० मिलिग्रॅमवर मणक्यांची फ्रॅक्चरं कमी दिसली होती. डॅलसमध्ये चार्ल्स पाक यांनी सावकाश सुटणारी २५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली, बारा महिने द्यायची आणि दोन महिने सुट्टी, सोबत कॅल्शियम सायट्रेट. रक्तातलं फ्लोराइड एका अरुंद पट्ट्यात ठेवायचं. ११० स्त्रियांच्या त्या अभ्यासात, १९९५ मध्ये, औषधवाल्या सुमारे ८५ टक्के जणींना नवीन फ्रॅक्चर झालं नाही, दुसऱ्या गटात ५७ टक्के. बेल्जियममध्ये रेजिन्स्टर यांनी २० मिलिग्रॅम फ्लोराइडवर चार वर्षांत नवीन मणका मोडलेल्या स्त्रिया २.४ टक्के विरुद्ध १० टक्के असा फरक दाखवला. मग फ्रान्समध्येच ३५४ स्त्रियांची मोठी चाचणी झाली, १९९८ मध्ये निकाल आला : दोन वर्षांत मणक्यांची घनता फ्लोराइडवर १०.८ टक्क्यांनी वाढली, नुसत्या कॅल्शियम-ड जीवनसत्त्वावर २.४ टक्क्यांनी, फ्रॅक्चरांत फरक शून्य. २००० मध्ये कॉक्रेन या, वेगवेगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या गटाने ११ चाचण्या एकत्र मांडल्या. मणक्यांना फायदा नाही, इतर हाडांची फ्रॅक्चरं वाढतात, डोस जास्त तितकी जास्त. अमेरिकेत या औषधाला शेवटपर्यंत परवानगी मिळाली नाही.

माझं मत विचाराल तर कमी डोसमध्ये काहीतरी तथ्य होतं. पण चालणारा डोस आणि हाड बिघडवणारा डोस एवढे शेजारी-शेजारी असतील, आणि औषध एकदा हाडात गेलं की वर्षानुवर्षं तिथेच राहत असेल, तर असं औषध यवतमाळच्या बाईला तिचं बोअरचं पाणी न तपासता द्यायची माझी हिंमत होणार नाही. नेल्लोरची गावं ज्यांनी पाहिली होती, त्यांनी १९६१ मध्ये एकच प्रश्न विचारायला हवा होता : त्या दाट हाडांची माणसं धडधाकट चालतात का?

आता आजच्या तीन औषधांचे आकडे शेजारी ठेवा. रॅलॉक्सिफिन मणक्याची घनता जेमतेम दोन-तीन टक्के वाढवतं. मणक्यांची फ्रॅक्चरं सुमारे ३० टक्क्यांनी कमी करतं. अलेंड्रोनेट सहा टक्क्यांच्या आसपास वाढवतं. फ्रॅक्चरं ४७ टक्क्यांनी कमी. टेरिपॅराटाइड नऊ टक्क्यांच्या आसपास वाढवतं. फ्रॅक्चरं ६५ टक्क्यांनी कमी. आणि फ्लोराइड, पस्तीस टक्के वाढ, फायदा काही नाही. म्हणून कोणी तुम्हाला 'याने घनता इतकी वाढते' असं सांगितलं, की पुढचा प्रश्न तयार ठेवा : फ्रॅक्चरं किती कमी होतात, आणि कुठली?

हे मी एवढ्या तावातावाने का सांगते आहे? कारण आपल्या गल्लीगल्लीत आकड्यांचा बाजार मांडलेला आहे. 'मोफत हाडांची तपासणी शिबिर.' मांडवात एक टेबल, त्यावर बुटासारखं यंत्र. बाईने चप्पल काढायची, टाचेला जेल लावायचं, मिनिटभरात कागद बाहेर. कागदावर हिरवी, पिवळी, लाल पट्टी, आणि लाल पट्टीत एक ठिपका. शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या डब्या. पस्तिशीची मुलगीसुद्धा 'ऑस्टिओपोरोसिस आहे', म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, म्हणून रडत घरी जाते. टाचेचं ते यंत्र ध्वनिलहरींवर चालतं, त्यात घनता मोजलीच जात नाही. टी-स्कोअर म्हणजे तरुण स्त्रीच्या सरासरी घनतेपासून आपण किती दूर, त्याचं माप; त्याची उणे २.५ ही जी रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली, ती डेक्सा या एक्स-रेने घनता मोजणाऱ्या यंत्रासाठी, मांडी, मणका आणि मनगट यांसाठी, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी. टाचेच्या यंत्राला ती लावणं म्हणजे किलोच्या काट्यावर लिटर मोजणं. टाचेची तपासणी अगदी निरुपयोगी नाही. वयस्क बाईला पुढे डेक्साला पाठवायचं का, एवढं ठरवायला चालते. निदान करायला नाही, औषध सुरू करायला नाही, आणि औषध लागू पडलं का हे पाहायला तर मुळीच नाही. ज्या बाईंनी आत्ता पिशवीतून कागद काढला, त्यांनी तो पुन्हा पिशवीत ठेवला तरी चालेल.

डेक्साचंही आंधळं कौतुक नको. डेक्सा हाडाची सावली मोजतो, दर चौरस सेंटिमीटरला किती खनिज ते. दबलेल्या मणक्यात खनिज तेवढंच असतं, पण सावली लहान झालेली असते. म्हणून मोडलेला मणका अहवालात शेजारच्यापेक्षा जास्त दाट दिसतो! सत्तरीतल्या बाईच्या मणक्यांना हाडाची टोकं फुटलेली असतात, मणक्यांपुढच्या महाधमनीत चुना साचलेला असतो, सकाळी घेतलेली कॅल्शियमची गोळी आतड्यात असते. सगळं त्या सावलीत धरलं जातं. एखादा मणका शेजारच्यांपेक्षा एक टी-स्कोअरने वेगळा असेल तर तो वगळायचा. निदान दोन मणके उरले पाहिजेत, नाहीतर मांडीवर निर्णय घ्यायचा. फ्लोराइडच्या पट्ट्यातल्या बाईचा मणका तर डेक्सावर तिशीतल्या मुलीसारखा येईल. आणि वर्षभरात 'दीड टक्का वाढलं, दोन टक्के घटलं' याला काही अर्थ नाही. यंत्राची आणि तंत्रज्ञाची चूकच तेवढी असते. मणक्यांत पाच टक्क्यांच्या आतला फरक मी वाचत नाही; त्याहून मोठा वाचते, तोही त्याच यंत्रावर काढलेला असेल तर.

चिठ्ठी आली आहे. 'आजचे उपचार, बारा मिनिटे.' घ्या.

पहिलं, घरच्या घरी. टाचा भिंतीला लावून ताठ उभ्या राहा. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकत नसेल, तर वरचे मणके दबल्याची शंका घ्या. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर किंवा जास्त घटली असेल, किंवा आधी मोजून ठेवलेल्या उंचीपेक्षा दोन सेंटिमीटरने घटली असेल, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढा. मणक्याची बरीचशी फ्रॅक्चरं न कळता होतात. पाठ चार दिवस दुखते, बाम लावला जातो, विषय संपतो. मणक्याची उंची वीस टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली की ते फ्रॅक्चर, आणि पडल्याशिवाय झालेलं असेल तर टी-स्कोअर कितीही असो, ऑस्टिओपोरोसिस धरून उपचार.

दुसरं, औषधाआधी तपासण्या. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईएसआर. ईएसआर, म्हणजे रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग, फार चढलेला असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर मायलोमाची, म्हणजे हाडं पोखरणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाची तपासणी. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून काढायचं. आपल्याकडे आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी आठ आठवडे देतात. रोज नाही, आठवड्याला! रोज घेऊन विषबाधा झालेले रुग्ण येतात. पाणी बोअरचं असेल तर फ्लोराइड तपासा. फ्लोराइड आणि कॅल्शियमची उणीव एकत्र असेल तर हाड मऊ पडतं, आणि त्यावर पाडकाम थांबवणारं औषध दिलं तर बिघाड वाढतो.

तिसरं, कॅल्शियम. दिवसाला १२०० मिलिग्रॅम, जेवणासकट. पेलाभर दुधात तीनशे, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. उरलेलं गोळीतून, एका वेळी पाचशेच्या वर नाही. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर.

चौथं, अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. वार ठरवा. उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, साध्या पाण्याच्या पूर्ण पेल्याबरोबर, न चावता. पुढे अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. देवपूजा करा, फिरा, पण नमस्काराला ओणवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली की जखम होते. चहा, दूध किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर ती न घेतल्यासारखीच. ज्यांना अर्धा तास बसवत नाही किंवा गिळायचा त्रास आहे, त्यांनी झोलेड्रॉनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून, किमान पंधरा मिनिटांत. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते. पॅरासिटामॉल घ्या, आधी भरपूर पाणी प्या. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाचं माप, ३५ च्या खाली असेल तर नाही. २००७ च्या मोठ्या चाचणीत याने मणक्याची फ्रॅक्चरं ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी घटली; खुब्याचाही आकडा आहे, याकडे लक्ष द्या. दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या आणि दंतवैद्याला औषधाचं नाव सांगा. वर्षानुवर्षं घेत असताना मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं सुरू झालं तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे. गोळी पाच वर्षं, इंजेक्शन तीन वर्षं झाली की थांबायचं का, हे डॉक्टरला विचारा.

पाचवं, डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी कातडीखाली ६० मिलिग्रॅम. चांगलं औषध, पण तारीख चुकवायची नाही. थांबवलं की दबलेलं पाडकाम उसळून येतं आणि एकाच वेळी तीन-चार मणके जाऊ शकतात. थांबवायचंच असेल तर पाठोपाठ दुसरं औषध सुरू करूनच. 'मुलाकडे अमेरिकेला गेले होते, म्हणून राहिलं' हे कारण मणक्यांना सांगता येत नाही.

सहावं, टेरिपॅराटाइड. हे खरंखुरं बांधणारं, जे फ्लोराइडकडून अपेक्षित होतं. रोज २० मायक्रोग्रॅम, स्वतः टोचायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं. पेन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही; एक पेन २८ दिवस, त्यात औषध उरलं तरी फेकायचं. हाडांना कधी रेडिएशन झालं असेल तर हे नको. संपल्यावर लगेच अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक. नाहीतर कमावलेलं सगळं वर्ष-दोन वर्षांत जातं.

सातवं, व्यायाम. योगवर्गातल्या भगिनींनो, हे ऐका. मेयोमध्येच १९८४ मध्ये ५९ स्त्रियांचा अभ्यास झाला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींना पुढे नवे मणके दबले, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के. अभ्यास छोटा आहे, पण दिशा स्पष्ट आहे. मणका दबलेला असेल तर पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, पोटाच्या उठाबशा बंद. सूर्यनमस्कारही बंद, निदान पुढे वाकायच्या स्थिती वगळून. भिंतीला पाठ लावून खांदे मागे ओढणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, रोज चालणं चालू. खालची बादली उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नाही. आणि भरलेली बादली मुळात उचलूच नका, घरात माणसं आहेत.

प्रश्न मागे चहाच्या टेबलापाशी घेते. ज्यांना डेनोसुमॅब चालू आहे त्यांनी आधी या, पुढची तारीख कागदावर लिहून देते.